उधईनं कोरलं, उन्हानं तडकवलं : एका डिजरीडूची दोनदा केलेली दुरुस्ती

मी जळगावात लाकडी वाद्यं दुरुस्त करतो. हार्मोनियम, ढोलकी, पखवाज, कधी एखादी वीणा. मे २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात चोपड्याचा एक तरुण आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन दुकानात आला. ऑस्ट्रेलियात डार्विनला त्यानं दोन वर्षं नोकरी केली होती. परत येताना पगारातून पैसे साठवून तिथलं डिजरीडू, म्हणजे फुंकून वाजवायची लांब लाकडी नळी, आणलं होतं.

"काका, हे आता धरत नाही. नुसतं फुसफुस करतं."

डिजरीडूची माझ्या हातून एकूण दोनदा दुरुस्ती झाली. पहिली चुकली, आणि ती चुकली आहे हे कळायलाच मला नऊ महिने लागले. म्हणून दोन्ही इथे लिहितो आहे.

वाद्य कसं असतं ते आधी सांगतो, कारण दुरुस्तीतला निम्मा विचार त्याच्या घडणीतून येतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचं हे वाद्य. तिथले योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात, पश्चिमेकडे मागो म्हणतात. 'डिजरीडू' हे नाव बाहेरून आलेल्यांनी त्याच्या आवाजावरून ठेवलं असं मानतात. निलगिरीच्या जातीचं झाड उभं असतानाच वाळवी त्याचा गाभा आतून खाते. जाणकार माणूस खोड ठोकून आवाज ऐकतो, पोकळी बरोबर वाटली तरच तोडतो, साल काढतो आणि तोंडाकडच्या टोकाला मधमाश्यांच्या मेणाचं कडं बसवतो. छिद्रं नाहीत, पडदे नाहीत, पात नाही. ओठ आणि श्वास, एवढ्यावर सगळं.

वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात. लहानपणी आमच्या घराची एक तुळई उधईनं गेली होती. वरून धडधाकट दिसायची, बोट दाबलं की आत भुसा. त्याच किड्याच्या पोखरण्याला जगात कुठेतरी सूर मिळतो, हे त्या दिवशी नळीत टॉर्च धरून पाहिलं तेव्हा मला खरोखर पटलं. आतली पोकळी सरळ नव्हती, नदीच्या पात्रासारखी वळणं घेत गेलेली होती. ही खूण कामाची असते. पर्यटकांसाठीची स्वस्त वाद्यं यंत्रानं सरळ भोक पाडून करतात, किंवा लाकूड उभं चिरून, दोन्ही अर्धे कोरून पुन्हा चिकटवतात. तशा वाद्यात दिसणारी 'भेग' म्हणजे पुष्कळदा सुटलेला सांधा असतो आणि त्याची दुरुस्ती वेगळी. हे मात्र उधईचंच काम होतं. सांधा कुठेच नव्हता, म्हणजे लाकूडच फाटलं होतं.

लांबी १ मीटर ३२ सेंटीमीटर. खालच्या तोंडाकडे रुंद होत गेलेलं. तारेचा वाकडा कंपास करून दोन्ही टोकांना जाडी मोजली तर एका बाजूला भिंत १६ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम ७. भेग पातळ बाजूलाच होती. वरच्या टोकापासून ११ सेंटीमीटरवर सुरू होऊन ४९ सेंटीमीटरपर्यंत, लाकडाच्या रेषेला धरून. खालच्या तोंडालाही एक छोटी चीर होती, सहा सेंटीमीटरची.

मला पहिली अडचण आली ती ही की मला ते वाजवता येत नव्हतं. अखंड सूर धरायचा तर गालात हवा साठवून ती बाहेर सोडत असतानाच नाकानं श्वास घ्यावा लागतो. दुकानाच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर सोनार आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उभं आयुष्य त्यांनी फुंकणीनं डाग देण्यात घालवलं आहे. दिव्याची ज्योत दागिन्यावर एकसारखी ठेवायची तर फुंकर तुटून चालत नाही, म्हणून जुन्या सोनारांना ही गालांची विद्या आपोआप येते. तात्यांनी दहा मिनिटं ओठ जुळवण्यात घालवली आणि मग जो आवाज काढला, त्यानं समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला. सूर लागत होता, पण खर्जात उतरला की पोकळ पडून तुटत होता.

तात्या वाजवत असताना मी भेगेवरून पेटती उदबत्ती फिरवली. वरच्या भागात धूर झटक्यानं बाहेर फेकला जात होता, खाली जाता जाता तो शांत होत गेला, आणि खालच्या तोंडाच्या चिरेपाशी जवळजवळ हललाच नाही. असं होण्याला कारण आहे. या नळीचं ओठांकडचं टोक आवाजाच्या हिशेबानं बंद टोक आहे आणि हवेचा दाब तिथे सर्वांत जास्त वरखाली होतो. उघड्या तोंडाशी तो जवळपास काहीच होत नाही. म्हणून वरची केसाएवढी भेग वाद्याला मुकं करते आणि खालची बोटभर चीर आवाजाला जाणवतही नाही. डोळ्यांना मोठी दिसते ती भेग आधी भरावी असं मन सांगतं. मन इथे चुकतं.

लाकूड का तडकलं, हे मेणानं सांगितलं. तोंडाचं मेणाचं कडं एका बाजूला ओघळून लाकडावर थेंब होऊन गोठलं होतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्याच्या आधी ते मऊ पडतं, दबतं, पण असं थेंब होऊन ओघळत नाही. घरात कितीही उकडलं तरी एवढं तापमान होत नाही. मी विचारलं, "दादा, हे कधी बंद गाडीत राहिलं होतं का?" तो नाही म्हणाला, मग गप्प झाला. अमळनेरला मावसभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री वाजवून दाखवायला वाद्य नेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ते दुपारी ४ गाडी मंडपाबाहेर उन्हात उभी होती. वाद्य मागच्या काचेला टेकलेलं.

आदल्या रात्री तासभर वाजवलेलं, म्हणजे आतून श्वासानं ओलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून भाजलं. आतला थर फुगलेला आणि बाहेरचा आक्रसणारा, या दोघांच्या ओढाताणीत सर्वांत पातळ भिंत फाटली. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आक्रसतं ते आडवं, आणि त्यातही वर्तुळाच्या दिशेनं सर्वांत जास्त, केंद्राकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. खांब, ओंडके, पखवाजाची खोडं सगळी उभीच तडकतात ती याचसाठी.

इथपर्यंत मी बरोबर होतो. पुढे घाई केली.

त्याच आठवड्यात, जळगावचा पारा ४४ वर असताना, मी भेग साफ केली, सागाचा बारीक भुसा इपॉक्सीत, म्हणजे वाळल्यावर कडक होणाऱ्या डिंकात, कालवून ती गच्च भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून सपाट केली. भेग बाहेरून १ मिलिमीटर उघडी होती, आत अरुंद, पाचरीसारखी. तिला नेमकी तशीच कडक पाचर बसली. तात्यांनी वाजवलं, खर्ज भरून आला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध पावसाळा वाद्य उत्तम वाजलं. दिवाळीत त्यानं मला फराळ आणून दिला.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी तो पुन्हा आला. भरलेली जागा अगदी शाबूत होती. तिच्या कडेला लागून, नखभर अंतरावर, लाकडात नवी भेग पडली होती. जुनीपेक्षा चार सेंटीमीटर लांब.

मी वाद्य घेऊन एरंडोल तालुक्यातल्या आबांकडे गेलो. आबा सुतार. माझ्या वडिलांबरोबर त्यांनी बैलगाड्या केल्या, आता वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला, भरावावर नख मारून पाहिलं आणि पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, की भरलं कोणत्या महिन्यात. मी म्हटलं, मे.

"उन्हाळामा गाडानं चाक ढिलं पडस, मंग आपन काय करतस? डोहमा टाकतस. लाकूड मरी गयं तरी पानी पेस, भाऊ."

मला तिथल्या तिथे उमजलं. हवेत २५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून राहतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की १६ च्या आसपास. खान्देशात मे महिन्याची दुपार आणि ऑगस्टची झड यांच्यामध्ये लाकूड जवळजवळ हा सगळा प्रवास करतं. मी भेगेचं माप घेतलं तेव्हा लाकूड पार उपाशी होतं, आणि तेवढ्या फटीत कडक पाचर ठोकून बसलो. पावसाळ्यात लाकूड फुगलं, भेगेला मिटायचं होतं, पण मिटायला जागा नव्हती. मग भरावाच्या कडेचं लाकूड स्वतःच चिरडलं गेलं. चिरडलेला तंतू पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. हिवाळा सरून हवा कोरडी झाली, लाकूड आक्रसलं, आणि त्या कमकुवत कडेनं ते फाटलं. पावसाळ्यात वाद्य छान वाजत होतं त्याच काळात ते आतून मोडत होतं.

दुसऱ्या खेपेला मी पहिली गोष्ट केली ती वजन. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर २ किलो ८७० ग्रॅम. भेगेची रुंदी गॅरेजमधून आणलेल्या फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजली, सर्वांत रुंद जागी १.१ मिलिमीटर. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं बारीक खूण आणि तारीख.

जुना भराव काढायला तीन संध्याकाळी गेल्या. गरम हवेनं इपॉक्सी मऊ होतं, पण या लाकडावर गेरू आणि पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी होती. कुणाच्या तरी हातची, कुणाच्या तरी घराण्याची. तिच्यावर उष्णता मारायला मन धजलं नाही. हॅक्सॉचं तुटकं पातं सहाणेवर घासून त्याला आकडीसारखं टोक केलं आणि खरवडून खरवडून भराव बाहेर काढला. नक्षीवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवली होती. रंगकामाला आपण हात लावायचा नाही हे मी मुलाला आधीच सांगितलं होतं. ठिपका गेला तर गेला, आपल्या हातानं नवा काढायचा नाही.

मग लाकडाला खायला घातलं. दुकानाच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात प्लॅस्टिकचा तंबू केला, त्यात वाद्य उभं, शेजारी पाण्यानं भरलेला माठ आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. झिरपणारा माठ हवेला हळूहळू ओल देतो. ओलं गोणपाट लावून पाहिलं होतं, त्यानं काटा एका तासात ८० वर गेला, म्हणून ते काढलं. मला ५० ते ५५ हवे होते, म्हणजे आपल्याकडच्या दोन टोकांच्या मधलं. चाक डोहात टाकतात तसं हे पाण्यात टाकलं तर काय, असं मुलानं विचारलं. प्रश्न बरोबरच होता. आर्नहेम लँडमधले वादकही वाजवण्याआधी नळीतून पाणी ओततात, लाकूड फुगतं, बारीक भेगा मिटतात. पण चाकाला बाहेरून लोखंडी कडं, म्हणजे धाव, असते, फुगलेलं लाकूड तिच्यात घट्ट बसतं आणि गाडी चालू लागते. इथे धाव नाही. आणि खान्देशच्या मार्चमध्ये ओतलेलं पाणी दोन तासांत उडून जाईल, म्हणजे लग्नाच्या गाडीतलीच गोष्ट पुन्हा.

रोज सकाळी वजन करत गेलो. सतराव्या दिवशी २ किलो ९४५ ग्रॅमवर काटा थांबला आणि पुढचे तीन दिवस हलला नाही. भेग आता ०.४ मिलिमीटर होती. काहीही न भरता, काहीही न दाबता ती निम्म्याहून जास्त मिटली होती. इथे शिकंजा लावून उरलेली फट दाबून बंद करण्याचा मोह होतो. तो मी टाळला, कारण जबरदस्तीनं मिटवलेली भेग जन्मभर उघडायचा प्रयत्न करते.

उरलेल्या फटीसाठी वखारीतून निलगिरीचा वाळलेला तुकडा आणला. खान्देशात बांधावर, पाटाच्या कडेला निलगिरी लावलेली असतेच. जात वेगळी, पण सागापेक्षा तरी जवळची. रंध्यानं त्याचा कागदासारखा काप काढला, रेषा उभ्या राहतील असा, आणि भेगेत बोटानं सरकवला. ठोकला नाही. नुसत्या भुशाच्या भरावाला रेषा नसतात, तो दगडासारखा वागतो. काप लाकडासारखा फुगतो आणि आक्रसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सावकाश वाळणारं पातळ इपॉक्सी, बाटली कोमट पाण्यात ठेवून आणखी पातळ केलेलं, केशाकर्षणानं आत ओढलं जाईल असं. पाच मिनिटांत वाळणारं वापरलं नाही, ते आत उतरण्याआधीच घट्ट होतं. वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या हलक्या हातानं गुंडाळून दोन दिवस ठेवलं.

आतली बाजू लोक विसरतात. श्वासाची वाफ आतच लागते, आणि बाहेरून पॉलिश व आतून उघडं लाकूड म्हणजे एकाच भिंतीला दोन ऋतू. काठीला कापड बांधून उकळलेलं जवसाचं तेल, टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं, आतून दोनदा फिरवलं, मध्ये आठ दिवसांचं अंतर. हे इपॉक्सीच्या नंतर, आधी नाही. तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल चालणार नाही, ती वाळत नाहीत आणि आत खवट होतात. एक गोष्ट आवर्जून सांगतो : जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापतात आणि आपोआप पेट घेतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच टाकू नका. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.

शेवटी धाव. मेण लावलेल्या सुती दोऱ्याचे तीन पट्टे घातले : एक भेगेच्या वरच्या टोकाच्या दोन सेंटीमीटर पुढे, एक मध्ये, एक खालच्या टोकाच्या दोन सेंटीमीटर पलीकडे. वेढ्याला वेढा लागून, प्रत्येक पट्टा बोटभर रुंद. वरून लाखेच्या पॉलिशचा हात. लोखंडाची धाव तापवून बसवतात, थंड होताना ती चाकाला आवळते. दोरा तसा आवळत नाही, तो फक्त फाकू देत नाही. भेग थांबवायला तिच्या टोकाला छोटं भोक पाडण्याची रीत आहे. पत्र्याला ती उत्तम, लाकडात भेग रेषेनं जाते आणि भोकाच्या बाजूनं निसटते. मी पाडलं नाही.

नक्षीचा एक पट्टा दोऱ्याखाली झाकला गेला. मी बराच वेळ थांबलो होतो तिथे. मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काका, तिकडे म्हातारे वादक सरळ चिकटपट्टी गुंडाळतात. त्यांना वाजलेलं हवं असतं." मग गुंडाळला.

तोंडाला नवं मेण, सातपुड्यातून चोपड्याच्या बाजारात येतं ते. तेल पूर्ण वाळायला तीन आठवडे दिले. एप्रिलच्या अखेरीस तात्यांना बोलावलं. उदबत्तीचा धूर वरपासून खालपर्यंत भेगेवरून फिरवला. तो सरळ वर जात राहिला. वरच्या तोंडातून हवा ओढून खालच्या तोंडाला तळहात लावला की तळहात खेचला जाऊन घट्ट बसत होता. खर्ज हार्मोनियमच्या पांढरी दोनला लागला आणि तात्यांना तो थांबवेचना.

मुलाला मी तीन गोष्टी सांगितल्या. कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. गाडीत एकटं सोडायचं नाही. वाजवून झाल्यावर आतलं पाणी निथळून, सुती कापडात गुंडाळून जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात आडवं ठेवायचं, आणि मार्च ते जून त्या कपाटात पाण्याचं उघडं मडकं. मे महिन्यात वाजवायचं तर रोज दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा दोन तास नाही. आई ते मडकं रोज भरते असं त्यानं नंतर सांगितलं.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. मे २०२४ मध्ये वजन २ किलो ९०० पर्यंत उतरलं, ऑगस्टमध्ये २ किलो ९८५ झालं, आणि काप दोन्ही वेळा लाकडाबरोबर राहिला. मे २०२५ मध्ये मधल्या पट्ट्यावरची लाख एका ठिकाणी फुटली होती, आत पाहिलं तर भेग नव्हती, लाखच कोरडी पडली होती. पुन्हा हात दिला.

खालच्या तोंडाची ती सहा सेंटीमीटरची चीर मी दोन्ही वेळा तशीच ठेवली. आवाजाला ती लागत नाही, आणि लाकडाला ताण सोडायला एखादी जागा असावी असं माझं मत आहे. मे २०२५ मध्ये ती पेन्सिलीची खूण ओलांडून दोन मिलिमीटर पुढे गेलेली दिसली. तिच्यात थोडं मेण दाबलं, नवी खूण केली, तारीख घातली. पोळ्यानंतर, लाकूड पोटभर पाणी प्यायलेलं असताना, तो वाद्य पुन्हा दाखवायला आणणार आहे. तेव्हा ठरवू, तिथे चौथा पट्टा लागतो का.